भरली बोट

लॉबस्टरच्या पिंजऱ्यांनी भरलेली बोट हंगामाच्या पहिल्या दिवशी एकदा धक्क्यावरून सुटली, की सगळे पिंजरे समुद्रात टाकून रिकामी झाल्याशिवाय माघारी वळवायची नाही. वळवली तर वर्षभर दर्या रुसतो. नोव्हा स्कॉशियाच्या या किनाऱ्यावर देव न मानणारे सापडतील, हा नियम न मानणारा लॉबस्टरवाला सापडायचा नाही.

त्या सकाळी लाटेसरशी पिंजऱ्यांची चळत घसरली आणि लिआँद्र सुरेतचा उजवा हात कठड्याशी चेंगरला. मुलगी ओदील धावली. ना जखम, ना रक्ताचा थेंब.

"बाबा, परत जाऊ या."

"हात दुखला म्हणून? तुझ्या आजोबांनी मोडक्या बरगडीनं पिंजरे टाकलेत. सुकाणू धर!"

"पण तुमची ती रक्त पातळ करायची गोळी..."

"ती हृदयाची आहे, हाताची नाही. आली मोठी डॉक्टरीण!"

ओदीलला हसू आलं. लिआँद्र एका हातानं पिंजरे लोटू लागला. दुपारपर्यंत तो हात सुजून टणक झाला आणि हा बडबड्या माणूस गप्प झाला. तेव्हाच तिनं ओळखायला हवं होतं.

"मुंग्या आल्यात बोटांना," तो पुटपुटला. "थोडेच उरलेत. चल पुढं."

सुकाणू तिच्याच हातात होतं. एक वळसा पुरला असता. पण हंगाम बुडाला तर खापर आपल्याच माथी फुटेल, या धाकानं तिनं बोट सरळच ठेवली.

"रक्त आतल्या आत साचलं, त्याखाली नस चेपली," त्या रात्री इस्पितळातली डॉक्टर म्हणाली. "फार उशीर केलात हो." हात चिरून रक्त काढलं. सूज उतरली, बोटांतली जाणीव मात्र गेली ती गेलीच.

त्या हंगामात लॉबस्टर उदंड मिळाले. नियम पाळल्याचं फळ, असं धक्क्यावर जो तो म्हणाला. ओदीलला त्या सगळ्यांची चीड आली, आणि त्याहून जास्त स्वतःची.

हंगाम संपल्यावर लिआँद्र नेहमीसारखा पिंजऱ्यांच्या जाळ्या विणायला खिडकीशी बसला. त्याच्यासारखी घट्ट गाठ अख्ख्या गावात कुणाची नव्हती. ओदीलनं दोरा ओवलेली लाकडी सुई त्याच्या उजव्या हातात ठेवली आणि एकेक बोट मिटवून दिलं.

"दे ना गं सुई," तो बाहेरच्या बोटींकडे बघत म्हणाला. "किती वेळ लावतेस?"