पाचव्या मजल्यावरची जाळी

“खिडकी लाव आधी! वारं लागेल पोराला.”

“ओयिजान, आत बेचाळीस आहे हो! सकाळपासून त्याने दुपटं ओलं केलेलं नाही.”

सासूबाईंनी माझ्या हातावरून हात नेला आणि खिडकी ओढून घेतली. तशी ती उघडी ठेवूनही उपयोग नव्हता. पश्चिमेचा वारा तंदूरच्या तोंडातून यावा तसा येत होता. वीज बाराला गेलेली. एसी बंद, लिफ्ट बंद. झियोद सात महिन्यांचा. सकाळी किरकिरत होता, आता तेही नाही. रुग्णवाहिकेसाठी १०३ला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा उत्तर एकच: गाडी निघालीय.

ही खोली माझ्या हट्टाची. पूर्वी इथे सज्जा होता आणि त्याला बाहेरून ऊन अडवणारी काँक्रीटची नक्षीदार जाळी. बाळाला वेगळी खोली हवी, भरपूर उजेड हवा, असं मार्चमध्ये मीच धरून बसले. शिकलेली ना मी. फोनवरची चित्रं पटली. गवंड्यांनी दोन दिवस घण घालून जाळी फोडली आणि अख्खी काच बसवली.

सासूबाईंनी, मुकर्रम-ओयींनी, सत्तावीस वर्षं कारखान्यात अशाच जाळ्या ओतल्या होत्या. साच्याला तेल, मग काँक्रीट, मग तीन दिवस पाणी. घण पडत असताना त्यांनी गवंड्यांना चहा दिला, तुकडे झाडून गोळा केले आणि एवढंच म्हणाल्या, “ताश्कंदचा जुलै कुणाला चुकलाय?”

मी झियोदला उचललं. “जिन्यात नेते. तिथली जाळी आहे अजून.”

जिना कुणाच्याच मालकीचा नाही, म्हणून तेवढी वाचली होती.

त्या दारात आडव्या आल्या. “जिन्यात? तिथे आरपार वारं असतं! माझा थोरला तिथल्याच वाऱ्याने...”

थोरला पाच महिन्यांचा असताना न्यूमोनियाने गेला होता. चाळीस वर्षं झाली.

“आणि माझा इथे जाईल!” मी ओरडले. सासूपुढे आवाज चढवला तो पहिल्यांदाच.

त्या झियोदकडे बघत राहिल्या. करंगळी त्याच्या जिभेला लावली. कोरडी.

“आण इकडे,” म्हणाल्या.

जिन्याच्या भिंती गार होत्या. ओयी जाळीला पाठ लावून पायरीवर बसल्या, त्याला मांडीवर घेतलं. वारा जाळीच्या भोकांतून तुटून तुटून येत होता. तो जरा डावीकडून आला की त्या डावीकडे सरकायच्या. “मला लागू दे,” पुटपुटायच्या, “मला लाग.”

समोरचं दार उघडलं. व्हेरा किम, ट्राममधून निवृत्त झालेली कंडक्टरीण.

“काय गं सासू-सुनांनो, भांडायला घर पुरेना?” मग तिने बाळ पाहिलं. “थांबा.”

उकळून गार केलेलं पाणी, त्यात साखर, चिमूटभर मीठ, आणि चमचा घेऊनच ती आली. पहिला चमचा ओठांवरून ओघळला. दुसराही. मी तिसरा धरला, अर्धं पाणी ओयींच्या झग्यावर सांडलं. त्याचा गळा हलला.

“गिळलं?”

“गिळलं.”

“परत दे. थोडं थोडं.”

व्हेरा पायरीवर टेकली. “ओयी, ही जाळी तुमच्याच हातची काय?”

“छे! बघ ना कशी खरबरीत. दुसऱ्या पाळीची असणार.”

मी पुढचा चमचा धरला.

डॉक्टरीण पाच जिने चढून धापा टाकत आली. माझ्याहून लहानच असेल. तिने झियोदच्या पोटाचं कातडं चिमटीत धरून सोडलं. ते सावकाश खाली बसलं.

“सलाईन लावावं लागेल. निघा लगेच. एकच जण.”

मी ओयींकडे पाहिलं.

“जा की! मी काय करू तिथे? हे गुडघे मला पाच जिने उतरू देणारेत का?” त्यांनी त्याला माझ्या हातात दिलं आणि मांडीवरचा त्याचा रुमाल झटकून घडी केला.

गाडीत चढताना मी वर पाहिलं. चेहरा दिसत नव्हता. पाचव्या मजल्यावर, जिन्याच्या जाळीच्या एका भोकातून चार बोटं बाहेर आली होती. हलत नव्हती. नुसती जाळी धरून होती.