पांढऱ्या ठिणग्या

टॅन्सीने भांडी पुसायच्या फडक्याची गाठ सोडली आणि आतला खिळा काचेच्या काउंटरवर आपटला. काचेखाली मांडलेल्या चिलमी थरथरल्या.

"हा परत घ्या."

काउंटरमागची बाई, मार्वा, तेव्हा एका गिऱ्हाइकाला समजावत होती. लाकडं वाहणाऱ्या ट्रकवरचा ड्रायव्हर होता तो, डेल्बर्ट नावाचा. त्याच्या एका हातात क्वार्ट्जची वाटी होती, दुसऱ्यात टायटॅनियमची, आणि दोन्ही तो अंडी तोलावीत तशा तोलत होता.

"क्वार्ट्जमध्ये चव छान लागते," मार्वा त्याला म्हणत होती, "पण तुझ्यासारख्या धांदरटाला टायटॅनियमच बरं. हातातून पडलं तर तुझा पाय फुटेल, ते नाही." मग तिने चष्मा नाकावर सरकवला आणि टॅन्सीकडे पाहिलं. "काय झालं बाई?"

"हा खोटा आहे. लोखंडावर मुलामा देऊन टायटॅनियम म्हणून विकलात मला. जानेवारीत. याच काउंटरवर."

मार्वाने खिळा उचलला. नाव खिळा, पण दिसायला ती अंगठ्याएवढी वाटी, खाली आखूड नळी. ब्लोटॉर्चने तापवायची, गांजाचा मधासारखा घट्ट अर्क सळीच्या टोकाने आत टेकवायचा आणि काचेच्या भांड्यातून वाफ ओढायची. ही वाटी आतून काळी पडली होती. कडेला निळसर, जांभळे पट्टे उमटले होते.

"वापरलेला माल परत घेत नाही मी. पाटी आहे बघ तिथे."

"मला पैसे नकोत."

"मग काय हवंय?"

"तुम्ही म्हणा, की हा खोटा आहे. याच्या धुरानं त्याची छाती गेली, हे तुम्ही तुमच्या तोंडानं म्हणा."

"कुणाची?"

"माझ्या बापाची. तीन आठवडे झाले त्याला जाऊन."

डेल्बर्टने दोन्ही वाट्या हळूच खाली ठेवल्या आणि डोक्यावरची टोपी काढली. बाहेर लाकडांनी लादलेला एक ट्रक घाटाच्या उतारावर गिअर बदलत गेला आणि खिडकीची काच बराच वेळ वाजत राहिली.

"कॅन्सर होता का?" मार्वाने विचारलं.

"हाडांचा. मरणारच होता तो, ते मला ठाऊक आहे. पण खोकून खोकून मरणार नव्हता. कॅन्सरनं खोकला येत नव्हता त्याला. हा घरी आणला आणि सुरू झाला. एक झुरका घ्यायचा आणि पंधरा मिनिटं खोकत बसायचा. बरगड्या धरून. बरगडीला हात लावला तरी कळवळायचा तो, आणि वर हा खोकला. मी विचारलं, काय होतंय? तर म्हणाला, खिळाच बेकार आहे, टॅन्स. माझा बाप चाळीस वर्षं लेथवर होता. धातू नव्हे, लोणी असल्यासारखा कापायचा. तो म्हणाला बेकार, म्हणजे बेकार."

एवढं ती एका दमात बोलली. गेले तीन आठवडे हे सगळं ती बसच्या रिकाम्या सीटांना ऐकवत होती. ती शाळेची बस चालवायची. सकाळी सहाला पहिली मुलं नदीच्या पुलाजवळ अंधारात, थंडीत उभी असायची.

मार्वाने गल्ल्याच्या कडेला चिकटवलेलं लोहचुंबक काढलं आणि खिळ्याला लावलं. चिकटलं नाही.

"लोखंड नाही."

"स्टीलच्या काही जाती चुंबकाला चिकटत नाहीत," टॅन्सी म्हणाली. "मला शिकवू नका. लेथच्या किसात खेळून मोठी झालेय मी."

"बरं. वजनाला हलका आहे."

"ॲल्युमिनियमही हलकं असतं."

"ॲल्युमिनियम एव्हाना वितळून भांड्यात पडलं असतं, पोरी." मार्वाचा आवाज पहिल्यांदा जरा चढला. "सव्वीस वर्षं दुकान चालवतेय मी. या डोंगरात लपूनछपून पिकवायचे दिवस होते ना, तेव्हापासून. अर्धं खोरं माझ्याकडून घेतं. चोर म्हणायचं तर जरा नीट बघून म्हण."

"सव्वीस वर्षं मुलामा विकला असेल."

"ए," डेल्बर्ट म्हणाला, "मार्वा तोंडानं फटकळ आहे, पण—"

"तुम्ही मध्ये पडू नका!"

डेल्बर्टने टोपीच्या आत काहीतरी हरवल्यासारखं पाहिलं.

मार्वा वाटीच्या आतला काळा थर नखाने खरवडत होती. तिने ती नाकाशी नेली, हुंगली, पुन्हा हुंगली.

"तापवायचं कोण?" तिने विचारलं. आवाज आता खाली आला होता.

"मी. त्याचे हात थरथरायचे. नाताळात त्यानंच क्वार्ट्जची वाटी पाडली, म्हणून तर हा आणला."

"कशी तापवायचीस?"

"कशी म्हणजे? लाल होईपर्यंत."

"आणि मग?"

"मग लावायचा अर्क. आणखी काय?"

"म्हणजे लगेच?"

"साडेपाचला घर सोडायचं असायचं मला! बावीस पोरं वाट बघत असायची. त्याला उठवायचं, पाठीला उशा लावायच्या, औषधं द्यायची, मग हे. तुम्ही माझी परीक्षा घेताय का?"

डेल्बर्टने ओठ आत ओढून घेतले. "लाल असताना?" तो पुटपुटला. "बाप रे. एकदा माझ्या मेव्हण्यानं—"

"डेल्बर्ट," मार्वा म्हणाली, "बाहेर जाऊन तुझा ट्रक आहे का बघ."

"आहे की, इथून दिसतोय."

"जवळून बघ."

तो गेला. दारावरची घंटा वाजली. टॅन्सीने ते बोलणं ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. तिची नजर मागच्या खोलीकडे गेली होती. तिथे काच फुंकायचं टेबल होतं, आणि टेबलाच्या टोकाला ग्राइंडर.

"ते चालतं का?"

"चालतं. का?"

"स्टीलच्या ठिणग्या पिवळ्या पडतात. टायटॅनियमच्या पांढऱ्या. पाच वर्षांची होते तेव्हापासून ठाऊक आहे मला. चला, तुमच्या डोळ्यांसमोर दाखवते. मग बघू कोण चोर."

मार्वा एक क्षण थांबली. त्या थांबण्यात तिला काहीतरी अडवायचं होतं असं नंतर टॅन्सीला वाटलं. तेव्हा तिला एवढंच दिसलं की बाई घाबरली.

"राहू दे," मार्वा म्हणाली. "बदलून देते मी. नवीन घेऊन जा."

"आता का? आता का बदलून देताय?"

टॅन्सी काउंटरला वळसा घालून आत गेली. खुंटीवरचा गॉगलसारखा चष्मा तिने स्वतःच डोळ्यांवर चढवला आणि बटण दाबलं. चाकाने वेग घेतला. ती चिरकी, चढत जाणारी घरघर तिच्या ओळखीची होती. शेवटची तिने ती फेब्रुवारीत ऐकली होती, आपल्याच घराच्या शेडमधून, स्वयंपाकघरात पॅनकेक उलटताना. हातातलं उलथणं घेऊनच ती धावली होती. बाप झोपायच्या कपड्यांवर जॅकेट चढवून ग्राइंडरसमोर स्टुलावर बसला होता. एका हाताने त्याने टेबल धरलं होतं, श्वास लागला होता. एवढं चालत कसा आला ते त्याचं त्याला माहीत.

"काय चाललंय, पा, तुझं?"

"काही नाही. मोटर जाम होऊ नये म्हणून फिरवली जरा."

"पडला असतास म्हणजे? मी काय काय बघू? बस बघू, घर बघू, तुला बघू, आता मोटरही बघू?"

आणि तिने भिंतीतला प्लग ओढून काढला होता. वायर गुंडाळून सगळ्यात वरच्या फळीवर फेकली होती, त्याचा हात पोहोचणार नाही अशी. तो जॅकेटच्या खिशात हात घालून बसून राहिला होता.

तिने खिळा पक्कडीत धरला आणि त्याची बुडाची कड चाकाला टेकवली.

ठिणग्या उडाल्या. पांढऱ्याशुभ्र, डोळ्यांना सहन होणार नाहीत इतक्या पांढऱ्या, शेंड्याला फुटून आणखी पांढऱ्या होणाऱ्या. तिने कड दाबली. ठिणग्या आणखी पसरल्या. पिवळी त्यात एकही नव्हती. ती दाबतच राहिली, जणू आत कुठेतरी खोल स्टील सापडेल.

मार्वाने हात लांब करून बटण बंद केलं.

चाक थांबायला वेळ लागला.

"दे इकडे. भाजेल."

मार्वाने पक्कड घेतली, खिळा दिव्याखाली फिरवला आणि मग चष्मा कपाळावर ढकलून तो डोळ्यांजवळ नेला.

"हा आधीच कुणीतरी तपासलाय," ती म्हणाली.

"काय?"

"हे बघ. हा तुझा घाव, आत्ताचा. आणि त्याच्या शेजारी हा दुसरा. जुना आहे, यावर रंग चढलाय. माझ्याकडचा नाही. मी पाकीट फोडून देत नाही."

टॅन्सीने पाहिलं. तिचा घाव वेडावाकडा होता, कडेला धातूची कुसळं उभी राहिली होती. दुसरा तांदळाच्या दाण्याएवढा, सपाट. बोटाला कापू नये म्हणून त्याच्या चारही कडा कानशीने मोडल्या होत्या. कुणी न सांगता, कुणी बघणार नाही अशा जागी. घरातल्या प्रत्येक कोयंड्याच्या, प्रत्येक ब्रॅकेटच्या, तिच्या लहानपणीच्या घसरगुंडीच्या कडा अशाच मोडलेल्या होत्या.

तिने त्यावरून अंगठा फिरवला. तो अजून गरम होता. तिने अंगठा काढला नाही.

"ज्यानं केलंय, त्याला कळलं असणार," मार्वा म्हणाली. "ठिणग्या बघून."

"फेब्रुवारीत," टॅन्सी म्हणाली.

त्यानंतर तो सात आठवडे जगला होता. सातही आठवडे, रोज सकाळी, खोकला ओसरल्यावर डोळे पुसत तो तेच म्हणाला होता. खिळाच बेकार आहे, टॅन्स. जा तू, पोरं गारठतील.

"किती थांबायचं असतं?" तिने विचारलं.

"हे बघ, प्रत्येकाचं—"

"किती?"

मार्वाने खिळा टेबलावर ठेवला. "लाली जाऊ द्यायची, नाहीतर अर्क जळतो आणि वाफेऐवजी छाती जाळणारा धूर निघतो. मग पंचेचाळीस मोजायचे. काही जण पन्नास मोजतात."

टॅन्सीने तो चष्मा काढून खुंटीवर अडकवला. दोनदा घसरला, तिसऱ्यांदा अडकला. तिच्या डोळ्यांसमोर पांघरुणावरचा एक हात होता. ती ब्लोटॉर्च बंद करायची तेव्हा त्याची बोटं पांघरुणावर आपटू लागायची, एकामागून एक, करंगळीपासून अंगठ्यापर्यंत, पुन्हा करंगळीपासून. दुखतंय म्हणून आपटतोय असं तिला वाटायचं. म्हणून ती आणखी घाई करायची. दुसऱ्या फेरीत कधी ती बोटं अंगठ्यापर्यंत, दहाच्या आकड्यापर्यंत, पोहोचली नव्हती; त्याआधीच ती अर्क टेकवायची.

"खोटारडा," ती म्हणाली.

"कोण?" मार्वाने विचारलं.

"खोटारडा म्हातारा." तिने टेबलाच्या पायाला लाथ मारली. काचेच्या नळ्या खणखणल्या. मार्वाने एक नळी घरंगळता घरंगळता धरली. "एक शब्द बोलायला काय झालं होतं त्याला? एक शब्द. थांब म्हणायचं. एवढंच. मी थांबले नसते का?"

उत्तर टॅन्सीलाच ठाऊक होतं. शेडमधला ओढून काढलेला प्लग तिला ठाऊक होता.

थोड्या वेळाने मार्वा पुढे गेली आणि काउंटरच्या खणातून नवं पाकीट घेऊन आली. "हे ने. राहू दे तुझ्याकडे."

"नको." टॅन्सीने तो जुना खिळा फडक्यात बांधला, गाठ मारली, ती दाताने आवळली. "हाच चांगला आहे."

बाहेर डेल्बर्ट ट्रकच्या टायरला टेकून उभा होता. तिला पाहून त्याने टोपी पुन्हा काढली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. आपल्या पिकअपमध्ये चढून तिने दार इतक्या जोरात लावलं की आरसा हलला. किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं.

गाडी मात्र हलली नाही. डेल्बर्टला खिडकीतून तिचा हात दिसत होता, स्टिअरिंगवर. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत एकेक बोट आपटत होतं, आणि पुन्हा करंगळीपासून. सहाव्या फेरीला तो कंटाळून आत गेला.