फोनो थोरल्याला, तबकडी धाकट्याला

मित्रांनो, माझी एक कड जळालेली आहे. ती पाहून तुम्ही मला फुटका तवा समजाल, म्हणून आधीच सांगते. मी गाण्याची जुनी तबकडी आहे, चावीच्या फोनोवर लावतात ती. माझ्या अंगावर हॅल मॅकेल्विन नावाच्या अमेरिकन गायकाचे गाणे कोरलेले आहे. या माणसाबद्दल मला कधी माया वाटली नाही. पण त्याची हकिगत सांगितल्याशिवाय माझी पुरी होत नाही.

माझे शरीर लाखेचे. ही लाख आपल्याच देशातल्या झाडांवरची. ती बोटीतून अमेरिकेला गेली. तिथल्या कारखान्यात तिच्यात दगडाची पूड आणि काजळी मिसळली आणि तापलेल्या साच्यात दाबून १९४१ साली मला घडवले. दगडाची पूड ध्यानात ठेवा. मी पुरती जळाले नाही ती तिच्यामुळेच.

लढाई सुरू होती. गोऱ्या सैनिकांच्या सामानातून मी नगरला, भिंगारच्या छावणीत पोचले. तिथे हॅलच्या गावचा एक सोल्जर होता. त्याच्या तोंडून मला सगळे कळले. हॅल कोळशाच्या खाणीतल्या मजुराचा मुलगा. त्याचा भाऊ एडी पियानो वाजवायचा आणि चाली बांधायचा, हॅल गायचा. आधी चर्चमध्ये, मग हॉटेलात, मग रेडिओवर. पाटीवर नाव असायचे ‘मॅकेल्विन बंधू’. सिनेमावाल्यांना मात्र एकच चेहरा हवा होता. हॅलने एका चिठ्ठीवर भावाला जोडीतून मोकळे केले. नाव हॅलकडे गेले, चाली एडीकडे राहिल्या. त्यानंतर हॅलने तीन सिनेमे केले आणि तिन्हींत तो भावासाठी जीव टाकणारा भाऊ झाला. लोक रुमाल ओले करून घरी जात.

सैनिक त्याचा द्वेष करत. पायाच्या दुखण्याचा दाखला काढून तो लढाईतून सुटला होता आणि तिकडे त्यांच्या बायका त्याची चित्रे उशाशी ठेवत होत्या. मी वाजू लागले की बराकीत शिव्या सुरू होत. एके संध्याकाळी कोणीतरी बूट फेकून मारला. माझ्यावर खोल ओरखडा उठला. तेव्हापासून गाणे त्या जागी आले की हॅल अडखळतो, अगदी उचकी लागल्यासारखा. लढाई संपली तेव्हा त्यांनी मला आणि फोनोला कचऱ्याच्या ढिगावर टाकले. तिथून आम्हाला उचलले छावणीतल्या एका मोटार ड्रायव्हरने. तो मिरजगावचा गोरक्षनाथ. सोल्जरांच्या गप्पा त्यानेही ऐकल्या होत्या. १९४६ साली त्याची नोकरी सुटली आणि तो आम्हाला घेऊन घरी गेला.

द्वेष मागे राहिला असे मला वाटले होते. मी चुकले होते.

त्या घरात दोन भाऊ, थोरला पुंजाराम आणि धाकटा गोरक्षनाथ. थोरल्याची बायको साळूबाई, धाकट्याची लंकाबाई. या दोघी जावांचा चार वर्षे अबोला होता. गोरक्षनाथ फौजेत गेला तो लंकाबाईच्या तोंडाला कंटाळून, असे साळूबाई गावभर म्हणाली होती. लंकाबाईने ते ऐकले आणि त्या दिवसापासून एकमेकींशी बोलणे बंद झाले. पण एका घरात राहून न बोलता कसे चालेल? मग एकीला दुसरीला काही सांगायचे असले की ती कोंबडीला सांगे, चुलीला सांगे. मी आल्यावर त्या मला सांगू लागल्या.

पहिल्याच दिवशी गोरक्षनाथाने ओसरीवर चावी दिली, मी फिरले आणि हॅल गाऊ लागला. साळूबाई माझ्याकडे पाहून म्हणाली, “गोऱ्या, कुनाला तरी सांग, भाकरी करपाया लागली.”

लंकाबाई जागची न हलता म्हणाली, “गोऱ्या, सांग, ज्याच्या नाकाला वास आला त्यानं उलटावी.”

भाकरी करपली. तेवढ्यात हॅलला उचकी लागली.

“बायकू आठवण काढत असंल त्याची,” पुंजाराम म्हणाला.

“बायकू न्हाई, भाऊ,” गोरक्षनाथ म्हणाला आणि त्याने हॅल आणि एडीची सगळी गोष्ट सांगितली. मी कशाची बनले तेही सांगितले. लाख आपल्याकडची आणि दगडाची पूड तिकडची. लंकाबाईने लाखेपर्यंत ऐकले आणि ती पाण्याला उठून गेली. साळूबाई तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

पुढच्या वर्षी वाटणी झाली. अंगणात छातीएवढी मातीची भिंत घातली. जमीन, बैल, भांडी, सगळे निम्मे निम्मे झाले. शेवटी ओसरीवर आम्ही दोघे उरलो. वाटणीला बसलेले छगनआबा म्हणाले, “नग दोन, भाऊ दोन. फोनो थोरल्याला, तबकडी धाकट्याला. झालं.”

गोरक्षनाथ म्हणाला, “आबा, एकाबिगर दुसरं चालत न्हाई.”

“मग बैलबी दोन मिळूनच चालत हुते. ते वाटले का न्हाई?” आबांनी विचारले.

मित्रांनो, दोन वर्षे मी लंकाबाईच्या ताकाच्या मडक्यावर झाकण होऊन बसले. भिंतीपलीकडे फोनोवर पिठाचा डबा ठेवलेला असे. गोरक्षनाथाचे माझ्याकडे लक्ष जाई आणि तो मला पुसून पुन्हा मडक्यावर ठेवी. दोघा भावांचे भांडण नव्हते, पण बायकांच्या भिंतीला तेही पाठ टेकून बसले होते. मला वाईट वाटे ते त्या धाकट्याचे. चार वर्षे गाडी हाकून त्याने घरी आणलेली ही एकच वस्तू होती आणि तीही त्याला ऐकता येत नव्हती.

१९४९ सालच्या बाजरीच्या काढणीआधी तो नगरला गेला आणि सिनेमा पाहून आला. जेवताना तो मुद्दाम मोठ्याने बोलू लागला, पलीकडे ऐकू जावे म्हणून.

“हॅल दिसला. दोनदा. चाकराचं काम हाय. एकदा मोटारीचं दार उघडतो अन् एकदा लावतो. एक अक्षर गायला न्हाई. केस गेलं सारं.”

“बरं झालं,” लंकाबाई म्हणाली. “भावाला हाकलनारा मानूस.”

मलाही बरे वाटले. खोटे कशाला बोलू?

गोरक्षनाथ मात्र जेवण टाकून भिंतीशी गेला. “वहिनी, एक डाव फोनो द्या. एक डाव गाणं ऐकतो अन् परत देतो.”

पलीकडून साळूबाईचा आवाज आला. “कोंबडे, सांग त्यास्नी, फोनो थोरल्याचा हाय. ज्यांना चुरूचुरू बोलाया येतं, त्यांनी तोंडानं गावं.”

शेवटचा टोला कोणाला होता ते लंकाबाईला बरोबर कळले. ती उठली. तिच्या विळ्याची मूठ कधीची ढिली झाली होती आणि मूठ लाखेनेच बसवतात. तिने मडक्यावरून मला ओढले.

“फोनो थोरल्याचा, तर गानं धाकट्याचं हाय,” ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली. “बघू आता नुसता फोनो काय गातो ते.”

“लंका, नको,” गोरक्षनाथ म्हणाला. त्याचा आवाज मोठा नव्हता. तोवर माझी कड निखाऱ्यावर होती. मी मऊ झाले, वाकले. तिने चिमट्याने माझा हातभर घेर ओढून घेतला, मुठीत कोंबला आणि वर विळ्याच्या पात्याचे तापवलेले मागचे टोक ठोकले. गाण्याची सुरुवात त्या मुठीत गेली. साळूबाईने भिंतीवरून ते पाहिले. उरलेली मी चुलीपाशी पडून राहिले. उद्या दुसरा विळा, परवा तिसरा, असे ती म्हणाली होती.

माझा तुकडा मुठीत होता म्हणून पुढचे मी ऐकू शकले. सकाळी दोघी बांधाच्या दोन बाजूंना बाजरी कापत होत्या. लंकाबाईने तिसऱ्यांदा हात मारला आणि पाते मुठीतून निसटले. ते बांधावरून उडाले आणि साळूबाईच्या पायापासून वीतभर अंतरावर मातीत रुतले.

साळूबाईने आजूबाजूला पाहिले. कोंबडी नव्हती, चूल नव्हती, मी होते ती मुठीत दडलेली.

“लंके,” ती म्हणाली, “माजा पाय तोडती का?”

सात वर्षांत पहिल्यांदा ते नाव तिच्या तोंडून आले. लंकाबाईच्या हातातली मूठ तशीच राहिली.

“निसटला, आक्का.”

“निसटनारच. तबकडी का कुनी मुठीत घालतं? दगूड हाय त्यात, दगूड. भावजींनी सांगितलं न्हवतं का त्या दिशी?”

“तुमी ऐकत हुता?”

“मंग काय कानात बोळं घालून बसले हुते?”

“ऐकत हुता तर काल फोनो का दिला न्हाई?”

“तू मागितला का? नवऱ्याला पुढं केलं. तुज्या तोंडानं एक डाव मागितला असता, तर दिला असता.”

“अन् तुमी गावभर काय सांगितलं हुतं, माज्या तोंडाला कंटाळून त्ये फौजंत गेले?”

“सांगितलं. खोटं हुतं का?”

“खोटंच हुतं.”

साळूबाईने पाते मातीतून उपटले आणि बांधावर ठेवले. “आसंल,” ती म्हणाली.

मग दिवसभर कापणी आणि भांडण बरोबरीने चालले. सात वर्षांचे एकेक वाक्य त्यांनी उकरून काढले. भांडतच त्या घरी आल्या. साळूबाईने पिठाचा डबा उतरवला, फोनो उचलला आणि भिंतीवर ठेवला. भिंत तेवढी रुंद होती.

“लाव. बघू तरी किती राख केली.”

पुंजाराम पुढे झाला. त्याने चावी दिली. गोरक्षनाथाने माझी काजळी पुसली आणि सुई जळक्या कडेच्या आत टेकवली. हॅल अर्ध्या ओळीतून गाऊ लागला, वाकड्या पावलांनी चालल्यासारखा. मग त्याला उचकी लागली.

“आठवला भाऊ,” पुंजाराम म्हणाला.

“आता आठवून काय उपेग,” लंकाबाई म्हणाली.

“तू गप गं, ऐकू दे,” साळूबाई म्हणाली.

भिंत अजून उभी आहे आणि जावांचे अजून पटत नाही. फोनोचे तोंड कोणाच्या बाजूला असावे यावर रोज वाजते. पण त्या आता एकमेकींकडे पाहून भांडतात आणि मला मध्ये निरोप्या करत नाहीत. मित्रांनो, वाटून घ्यायचे ते खुशाल वाटून घ्या. फक्त सुई एका घरात आणि तबकडी दुसऱ्या घरात ठेवू नका. आणि मला हाताळताना कडेला जपून धरा. तिथे आता फारसे काही उरलेले नाही.