सात नंबरच्या भट्टीतला विसावा

मी तांब्याची कांडी बोलतेय. निखळ तांब्याची नव्हे. थोडं क्रोमियम, चिमूटभर झिर्कोनियम मिसळलेली, बोटाएवढी. माझ्या जातीची भांडी देवघरात मिरवतात. मला मात्र गेल्या नोव्हेंबरात तमिळ मुलखात, पेरुंगुडीजवळच्या एका प्रयोगशाळेत सात नंबरच्या भट्टीत टांगलं.

काम म्हणाल तर सोपं. पायाशी वजनं, भोवती साडेचारशे अंशांची धग, आणि मी फक्त सोसायचं. असं सोसताना धातू केसाकेसाने लांबत जातो. त्याला क्रीप म्हणतात. वरून काही दिसत नाही, म्हणून बघणाऱ्याला वाटतं, हिचं बरं चाललंय. मी किती तासांनी तुटते ते कौमुदीला हवं होतं. ती नागपूरची, इथे संशोधनाला आलेली. तिचा प्रबंध माझ्या तुटण्यावर अडला होता. भट्टी मध्येच थांबली तर सगळं पहिल्यापासून.

भट्ट्या सांभाळायचे दत्ताजी. तंजावरकडचे मराठी, बोलण्यात निम्मी तमिळ. कौमुदी आधी हसू दाबायची, मग दुपारचा डबा त्यांच्याबरोबरच खाऊ लागली. डिसेंबरच्या वादळात आवारात कंबरभर पाणी चढलं, वीज गेली. तेव्हा हा साठीला टेकलेला माणूस डोक्यावर डिझेलचा कॅन घेऊन जनरेटरपाशी आला. दोन दिवस घरी गेला नाही, पण माझी धग त्याने उतरू दिली नाही.

त्या दोन दिवसांत त्यांची बायको कामाक्षी एकटी घरातलं सामान माळ्यावर चढवत होती. एप्रिलमध्ये ती गेली. छातीत कधीपासून दुखत होतं म्हणे, पण बोलली नाही. त्यानंतर दत्ताजी रोज नऊला माझं माप वाचायचे आणि वाचून झालं तरी तिथेच उभे राहायचे.

मग आयुधपूजा आली, म्हणजे आपली खंडेनवमी. त्या दिवशी इथे सगळी यंत्रं बंद करून पुसतात, चंदन-कुंकू लावतात, दाराशी भोपळा फोडतात. क्रीपच्या भट्ट्या तेवढ्या चालूच ठेवायच्या, चौकटीला नुसतं गंध लावायचं, हा तीस वर्षं दत्ताजींचाच दंडक. कौमुदी सुट्टीत नागपूरला गेली होती.

चुरमुरे-फुटाणे घेऊन लोक पांगले. दत्ताजी एकटेच माझ्यापाशी आले. "पावम्," ते पुटपुटले. तमिळमध्ये बिचारीला असं म्हणतात, आणि त्यांच्या मराठीत सगळ्यांना अस्के. "अस्के मिशीन बसले. तूच कसाला उभी? ती पण एक दिवस बसली नाही गं."

आणि त्यांनी भट्टी बंद केली. वजनंही एकेक करून, आवाज न करता उतरवली.

खरं सांगते, मला बरं वाटलं. त्याचीच आज लाज वाटते.

कौमुदी परत आली तेव्हा वीज गेली होती म्हणाले असते तर खपलं असतं. दत्ताजी म्हणाले, "मीच बंद केली, अम्मा. माहीत होतं, तरी केली."

ती रडली. चिडलीही, तिची शिष्यवृत्ती मार्चपर्यंतचीच होती. दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसली.

निवृत्तीच्या दिवशी दत्ताजींनी मला बाहेर काढून पुन्हा मोजलं. विसाव्याने कांडी थोडी तरी मागे सरकली असेल, असं त्यांना वाटलं असावं. मी होते तेवढीच लांब होते. लांबलेला धातू मागे येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी त्यांनी दोनदा मोजलं. "नाही आली मागं," एवढंच म्हणाले आणि मला कौमुदीच्या हातात दिलं.

आता सात नंबरात नवी कांडी आहे. मी कौमुदीच्या टेबलाच्या खणात, कागदाच्या पुडीत आहे. मागणं एकच: तुमच्या घरात कुणी न बोलता ओझं पेलत असेल, तर खंडेनवमीची वाट पाहू नका. आजच त्या ओझ्याला हात लावा. उद्या दिलेला विसावा कुणाला पुन्हा पहिल्यासारखं करत नाही. माझं म्हणाल, तर मी तुटायचीही राहून गेले.