पालथी ठेवलेली पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, माझ्यावर कुणी धुळाक्षरे गिरवली नाहीत. मी वाटेवरची पाटी. उत्तरेला कॅनडात पिकरेल नावाचे तळे गोठले, की त्यावरून इंजिनाच्या बर्फगाड्यांची वाट जाते. त्या वाटेवर मी हिवाळाभर उभी असे. रंगाने नारिंगी, आकाराने शंकरपाळ्यासारखी, एका लाकडी काठीवर ठोकलेली. मला वाचायला अक्षरओळख लागत नाही. मी एवढेच सांगते, की इकडून या, इथला बर्फ तुम्हाला पेलेल.

माझा जन्म आर्मस नीमेला यांच्या पडवीत झाला. त्यांनी उभा जन्म लाकडे कापायच्या गिरणीत काढला आणि त्याच्या जोडीला गावच्या बर्फगाडी क्लबाच्या वाटा राखायचे काम अंगावर घेतले. बिनपगारी. त्या काळी प्रत्येक गावाच्या खुणा वेगळ्या असत. एका गावी पत्र्याचा बाण, दुसऱ्या गावी पिवळा डबा. आमच्या शेजारच्या गावात तर झाडाला फाटका लाल मोजा बांधला की झाली पाटी. गावच्या माणसाला ते कळे. परगावचा माणूस मात्र मोज्याकडे बघून हसे आणि सरळ ओढ्यात जाई.

म्हणून देशोदेशीच्या बर्फगाडी संघटनांनी मिळून एक आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. दरवर्षी सगळीकडचे प्रतिनिधी एकत्र बसतात आणि ठरवतात. गाडीने आवाज किती करावा, थांबताना हात कसा वर करावा, शर्यत कुठे असावी आणि कुठे नसावी, पाट्या कशा असाव्यात. एका वर्षी आर्मस मला काखेत मारून त्या सभेला गेले. सगळ्या देशांत पाट्या सारख्या असाव्यात, यावर फारशी खळखळ झाली नाही. पण आर्मस उठून म्हणाले, "अजून एक ओळ घाला. तळ्यावरच्या पाट्या ज्यानं लावल्या त्यानंच बर्फ कुजून ठिसूळ व्हायच्या आत काढायच्या."

मागून कुणीतरी म्हणाले, "अहो, त्यात काय काढायचं? बर्फ वितळला की काठ्या आपोआप वाहून जातात."

"जातात ना," आर्मस म्हणाले. "पण वाहून जायच्या आधी चांगल्या आठवडाभर उभ्या असतात. आणि 'या, या' म्हणत असतात."

ती ओळ नियमांत गेली.

या परिषदेजवळ पोलीस नाहीत की तुरुंग नाही. तिने नियम केला, तरी तो कागदावरच पडून असतो. त्याला बर्फावर चालायचे तर कुणाचे तरी पाय लागतात. आमच्या तळ्यापुरते ते पाय आर्मस यांचे होते.

मित्रांनो, ते दिवस फार चांगले होते. कडाक्याची थंडी पडली की आर्मस गिरमिटाने भोक पाडून बर्फाची जाडी बघत, मग आम्हाला ओळीने रोवत. त्यांची मुलगी इर्या लहानपणी काठी धरायला येई. पुढे ती शहरात शिकवायला लागली, तरी सुट्टीत यायची. वसंतात आम्हाला काढायची एक रीत होती. काढलेली पाटी घसरगाडीवर पालथी ठेवायची. एकदा इर्याने मला उताणी ठेवले, तर आर्मस म्हणाले, "पालथी घाल तिला, पोरी. उताणी पाटी अजून बोलत असते."

सीमेपलीकडून आलेले प्रवासी माझ्याजवळ थांबत. "बघ, आपल्याकडच्यासारखीच आहे," असे म्हणून हातमोज्याने माझ्यावरचे हिम झटकत. मला तेव्हा धन्य वाटे.

मग तो शेवटचा वसंत आला. मार्च सरायच्या आतच उबदार वारा सुटला आणि हिमाऐवजी पाऊस पडला. क्लबातली तरुण मंडळी दूरच्या शर्यतीला गेली होती. आर्मस एकटेच जाऊन काठाजवळच्या पाट्या काढून आले. ओढ्याच्या तोंडाशी मी आणि माझ्या थोड्या बहिणी तेवढ्या राहिलो.

त्यांचे दोस्त लॉयड स्वयंपाकघरात बसून कॉफी पीत होते. ते म्हणाले, "म्हाताऱ्या, आपल्या काठावर 'वाट बंद'चा फळा लावलाय ना? मग झालं तर. रविवारी पोरं येतील, ती काढतील."

"आपल्या काठावर लावलाय. पलीकडून येणाऱ्याला तो कसा दिसणार? त्याला दिसणार ती नारिंगी पाटी."

"नियम तुझा, म्हणून तुला खाज."

"माझा आहे म्हणूनच मला मोडता येत नाही, लॉयड. दुसऱ्याचा असता तर एखादे वेळी मोडला असता."

इर्या सुट्टीवर आली होती. वेलदोड्याच्या गोड पावाचे पीठ मळता मळता ती म्हणाली, "बाबा, मी येते बरोबर."

"दोघांचं वजन कशाला? तू पाव भाजायला टाक. तो फुगेस्तोवर आलोच."

"तुमचं 'आलोच' मला ठाऊक आहे."

"मग करपू देऊ नकोस," असे म्हणून ते हसत बाहेर पडले.

ते पायीच आले. गाडीचे वजन नको म्हणून घसरगाडी दोरीने ओढत, पुढे पहार टोचत. गळ्यात खिळ्यांची जोडी होती. पाण्यात पडलेल्या माणसाने ते बर्फात रोवून स्वतःला वर ओढायचे असते. त्यांनी माझ्या बहिणी एकेक करून काढल्या. सगळ्यांत शेवटी मला. मला घसरगाडीवर पालथी घातले, वरून थोपटले आणि म्हणाले, "संपलं. आता कुणी येणार नाही."

नंतरचे मी पाहिले नाही. मी पालथी होते. फक्त ऐकले. वसंतातला बर्फ मोडताना कडाडत नाही, तो नुसता भिजल्या साखरेसारखा सुटतो. खिळ्यांचा आवाज बराच वेळ येत होता. पण कुजक्या बर्फात खिळा रुतत नाही. मग तोही थांबला.

दुपारी पलीकडच्या काठावर दोन गाड्या आल्या आणि थांबल्या. तळ्यावरून आवाज लांबवर जातो. पुरुष म्हणाला, "इथून पुढे पाट्याच नाहीत की गं."

बाई म्हणाली, "मग फीर मागे. पाट्या नाहीत म्हणजे तळं बंद."

"नुसती वैतागवाडी! कसला क्लब आहे यांचा? दोन काठ्या लावता येत नाहीत."

गाड्या वळल्या. आवाज रानात विरून गेला. ती दोघे त्या दिवशी जेवायला घरी पोहोचली असतील.

इर्याने पाव करपू दिला नाही. पण तो कुणी खाल्लाही नाही.

पुढे घसरगाडी काठावर ओढून आणल्यावर क्लबाने ठरवले, की मला बैठकीच्या खोलीत दर्शनी भिंतीवर लावायचे आणि खाली आर्मस यांचे नाव कोरायचे. परिषदेनेही दुखवटा कळवला आणि त्यांच्या ओळीची आठवण काढली. लॉयड मला न्यायला आले. इर्या शांतपणे म्हणाली, "नको, लॉयडकाका. ती लावायची नाही. बाबांनी काढलीय."

लॉयड यांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि ते तसेच निघून गेले.

तेव्हापासून मी आर्मस यांच्या पडवीत, माझा जन्म झाला त्याच कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून उभी आहे. हिवाळ्यात तळ्यावर आता नव्या पाट्या असतात. उबदार वारा सुटला की इर्या शहरातून लॉयड यांना फोन करते आणि फक्त विचारते, "काढल्या का?" काढल्या म्हटले, की ती फोन ठेवते.

मित्रांनो, वाटेवर पाटी दिसली, तर तिचे ऐका. तुम्ही कुठे पाटी लावलीत, तर ती वेळेवर काढायलाही तुम्हीच जा, आणि एकटे जाऊ नका. आणि जिथे ती असायला हवी तिथे दिसली नाही, तर चिडू नका. माघारी फिरा. ती काढायला कुणीतरी चालत गेले होते.