हिरव्या पाण्यावरची बाई

सांगलीला विश्रामबागेतल्या एका हॉलमध्ये रांगोळी प्रदर्शनाची तयारी चालली होती. खिडक्या बंद, पंखे बंद. रहिमतपूरची राजेश्वरी दोन दिवस रांगोळीतल्या एकाच बाईवर ओणवी होती. राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या कुणा विलायती चित्रकारानं काढलेली, ग्रीक कथेतली चेटकीण. आपल्याला आवडलेला पुरुष दुसरीवर जीव टाकतो, म्हणून ही ती दुसरी न्हाते त्या समुद्राच्या पाण्यात वाटीतलं हिरवं विष ओततेय.

झगा रांगोळीत उतरला, हात उतरले. चेहरा काही उतरेना. राजेश्वरीनं काढला की हळदीकुंकवाला आल्यासारखा गोड दिसायचा.

समोरच्या चौकोनात इथलीच रेश्मा एक मुखडा रेखत होती. आणि तिच्याशेजारी उकिडवा बसून गुलाबी रंग चाळतोय कोण, तर राजेश्वरीचा नवरा मानसिंग! लग्नाला नऊ वर्षं झाली, त्याच्या हातचा रंग कधी दुसरीच्या चिमटीत गेला नव्हता.

"आवं, चाळणीला सांगलीचं वारं लागलं व्हय?"

"गालाचा रंग जमंना हिला. दोन मिंटं, राजे."

"तुमची दोन मिंटं सकाळीच सरली!"

रेश्मा खुदकली. "वहिनी, लय गुणाचा माणूस हाय तुमचा. उसना द्या की दोन दिवस!"

सगळा हॉल हसला. राजेश्वरीही हसली, दात दिसतील इतकंच. आत मात्र ओवी उठली:

माझ्या घागरीचं पाणी, दुजीच्या गं रांजणात
सांग माझ्या राजसा रं, काय कमी अंगणात?

ती उठून भिंतीपाशी गेली. बोट पंख्याच्या बटणावर टेकलं. एक खटका, की रेश्माच्या रांगोळीतले गाल, ओठ, सगळं भुर्र. पण वाऱ्याला कुणाची सवत कळते? हॉलमध्ये वारा एकच. तिची स्वतःची बाईही उडाली असती.

बोट तिथंच राहिलं. मान खाली गेलेली, दात आवळलेले, डोळे भुवयांखालून रोखलेले. आणि तिला एकदम उमगलं, की बाईचा चेहरा हाच.

ती धावतच परतली. तासाभरात चेहरा जमिनीवर उतरला.

मानसिंग पाठीशी येऊन उभा राहिला.

"राजे... ही कुणाकडं बघतीया गं अशी?"

"हिरवा चाळा. समुद्र राह्यलाय."

तो खाली बसला. हिरवी भुकटी बाईच्या पायांशी झरू लागली. तिकडून रेश्मानं हाक मारली, एकदा, मग दुसऱ्यांदा. चाळणी थांबली.

"हलू नगा," राजेश्वरी म्हणाली. "काठ मोडंल."

तो हलला नाही.