आक्काचा चढ

आक्काबद्दल वाईट बोलणारा माणूस मिरजेपासून सातारा रोडपर्यंत एकच होता, आणि नेमकं त्यालाच तिच्या पोटात कोळसा घालायचं काम मिळालं होतं.

आक्का म्हणजे दोनशे एकवीस नंबरचं इंजिन. नंबर कागदावर होता; आक्का तिला लोकांनी केलं होतं. अकरा वर्षांत बोरखिंडीच्या चढावर ती एकदाही अडली नव्हती. बाकीची इंजिनं तिथं धापा टाकत, मागं घसरत, मागून रेटा द्यायला दुसरं इंजिन मागवत. आक्का मात्र सात गच्च डबे घेऊन माहेरी निघालेल्या बाईसारखी चढून जाई. म्हातारी माणसं तिच्या चाकाला हात लावून तो कपाळाला लावत आणि दिवसभर काळं कपाळ घेऊन अभिमानानं हिंडत.

सांगलीच्या विष्णुपंतांनी तर तिच्यासाठी मंडळच काढलं होतं. विष्णुपंत निवृत्त हेडमास्तर, कडक बुद्धिवादी. घरातले देव त्यांनी धाकट्या भावाकडं पोचवले होते आणि मोकळ्या झालेल्या देव्हाऱ्यात आक्काचा फोटो ठेवला होता. रोज सकाळी मंडळाचे पंधरा-वीस सभासद टांगे करून मिरज जंक्शनावर येत, बाकांवर बसत आणि गाडी सुटली की वहीत वेळ टिपत. बोरखिंडीचा चढ त्यांच्यापैकी कुणीही पाहिलेला नव्हता. तो साठ मैल लांब होता. परतीच्या गाडीचा गार्ड दुसऱ्या दिवशी ‘चढली’ म्हणून सांगे आणि विष्णुपंत वहीत ‘चढली’ लिहीत. अशा दोन हजारांवर ‘चढली’ त्यांच्याजवळ जमल्या होत्या.

१९४४ साली या आक्कावर आकाराम फायरमन म्हणून आला. तासगावकडचा गडी, खांदे भरलेले, स्वभाव बारीक. सहा महिन्यांची उमेदवारी होती. ती सरली की इन्स्पेक्टर साहेब स्वतः इंजिनावर बसून परीक्षा घेणार होता. बोरखिंडीच्या चढाला वाफेचा काटा पडला नाही तर नोकरी कायम आणि सातारा रोडला एका खोलीचं क्वार्टर. पडला तर गावाकडं उसाला पाणी पाजायला मोकळा. त्याची बायको विजयमाला दोन वर्षं सासू आणि चार जावांबरोबर एका चुलीवर होती, आणि शेजारच्या पोरीकडून लिहून घेतलेल्या तिच्या पत्रात दर वेळी एकच ओळ असे : खोलीचं काय झालं.

पहिल्याच आठवड्यात आकारामला संशय आला. सपाटीला आक्का कण्हत चालायची. ताकारीच्या अलीकडं रूळ जरा वर उचलले की काटा खाली यायचा. आणि हीच बया बोरखिंडीच्या उभ्या चढाला शेळीसारखी जायची. आकारामनं आधी कोळशावर संशय घेतला. मग पाण्यावर. मग स्वतःवरही घेतला, पण तो दोन दिवसांत मागं घेतला.

शेवटी मिरजेच्या फलाटावर त्यानं विष्णुपंतांनाच गाठलं.

“पंत, हे इंजिन दमतंय.”

विष्णुपंतांनी चष्म्यावरून बघितलं. “आक्का दमत नाही. तू कोळसा टाकतोस की पेरतोस?”

“तुमी कवा बसलाय का हिच्या मागं, चढाला?”

“मी सूर्यावरही बसलेलो नाही. तरी तो उगवतो, एवढं मला ठाऊक आहे.”

दुसऱ्या दिवसापासून मंडळाचे दोन सभासद फलाटावर उभे राहून आकारामची फावडी मोजायला लागले. म्हणजे आता आकारामला आक्काचा संशय आणि मंडळाला आकारामचा. ड्रायव्हर तात्याबाला तेवढा कुणाचाच संशय नव्हता, आणि याचाच आकारामला जास्त संशय येत होता. तात्याबाची पेन्शन वर्षावर आली होती. तो फार बोलत नसे.

बोरखिंड स्टेशन चढाच्या पायथ्याला. तिथं गाडी वीस मिनिटं थांबे. आक्का पाणी पिई, आकाराम भट्टीतली राख ओढून काढी, तात्याबा रुळाकडेच्या म्हसोबाला नारळ फोडी. मग चढ सुरू झाला की आकारामला भट्टीच्या तोंडातून मान काढायला सवड नसे. वर माथ्यावर ब्रेक तपासायला गाडी परत थांबे. माथ्यावर फलाट नव्हता, गाव नव्हतं, झाड एक होतं. तरी तिथं रोज पाचशे माणसं गाडीत चढत.

“ही माणसं येत्यात कुठनं?” आकारामनं एकदा विचारलं.

“आईच्या पोटातनं,” तात्याबा म्हणाला आणि ब्रेककडं बघायला लागला.

एका मंगळवारी त्या पाचशेंत आकारामला धोंडुबाई दिसली. ही बाई डालग्यात कोंबड्या घेऊन साताऱ्याच्या बाजाराला जायची, आणि सकाळी मिरजेला गाडीत शिरताना तिनं ते डालगं आकारामच्याच पायावर टेकवलं होतं. आकाराम इंजिनातनं खाली उतरला.

“मावशी, तुमी तर मिरजंलाच बसला हुतासा.”

“व्हय.”

“मग हितं परत कशा चढताय?”

“खाली उतरले म्हणून. म्हसोबाच्या डोक्यावरनं बसून जायाचं नसतं, लेकरा. समदी उतरत्यात. गाडी वळसा घालून येती, पायवाट नीट वर येती. गाडी येईस्तवर माजी एक डुलकी हुती.”

“समदी?”

“गार्ड बी.”

“आन गुळाच्या ढेपा?”

“त्या डोक्यावर. ढेप गाडीत ठिवून आपण तेवढं चालायचं, ही फसवणूक देवाला कळत न्हाई व्हय?”

आकाराम इंजिनावर परत चढला. तात्याबानं त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि ओळखलं.

“किती वरसं चाललंय हे?”

“आकरा.” तात्याबानं बिडी पेटवली. “नवीन आली तवा पयल्याच दिवशी निम्म्या चढात बसली. मागं घसरत पार पायथ्याला आली. मी उडी मारून चाकाखाली दगड घातला. माणसं घाबरून उतरली, चालत वर गेली. मोकळी गाडी निघाली झ्याक. दुसऱ्या दिवशी मी नुस्ता त्या दगडाला हात जोडून हुबा ऱ्हायलो. समदी आपसूक उतरली.”

“म्हंजी म्हसोबा तुमी केला.”

“दगड मी ठिवला. शेंदूर मी न्हाई लावला, गड्या. त्यो कुणी लावला, आजपातूर कळलं न्हाई. म्हणून आता माजं मला बी जरा भ्या वाटतं.”

संशय खरा ठरल्याचा आनंद आकारामला साधारण दोन मिनिटं झाला. मग त्याच्या ध्यानात आलं, की परीक्षेदिवशीही गाडी मोकळीच चढणार, काटा जागेवर राहणार आणि क्वार्टर मिळणार. त्या दिवसापासून त्यानं आक्काला नावं ठेवणं बंद केलं. म्हसोबाला तो स्वतःच्या पैशानं उदबत्ती लावू लागला.

पण मिरजेच्या फलाटावरचं त्याचं बोलणं विष्णुपंतांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं. परीक्षेच्या सकाळी सबंध मंडळ तिकिटं काढून गाडीत बसलं. “आक्काच्या मागं बसून चढ बघायचा आहे,” विष्णुपंत आकारामला म्हणाले, “आणि तुझं फावडंही.”

बोरखिंडीला नारळ फुटला. माणसं उतरायला लागली. विष्णुपंतांनी खिडकीतून बघितलं आणि त्यांना कळेना. कळलं तेव्हा ते फलाटावर आले.

“कुणी उतरायचं नाही. इंजिनावर साहेब बसलाय. आक्का रिकामी गाडी ओढते असं त्याला वाटायला हवंय का तुम्हाला?”

“आवं पंत, देव कोपंल,” धोंडुबाई म्हणाली.

“बाई, दगड कोपत नसतो.”

लोकांचं देवावर प्रेम होतं, तसं आक्कावरही होतं. आक्काची अब्रू म्हटल्यावर सगळी मुकाट्यानं परत आत बसली. तरी खात्रीसाठी मंडळाचे सभासद दारादाराशी काठ्या घेऊन उभे राहिले. पुढं इंजिनात साहेब घड्याळ काढून बसला होता. तात्याबानं मागं वळून भरलेले डबे बघितले आणि टोपी काढून परत घातली. करण्यासारखं तेवढंच होतं.

आक्का निघाली. पहिल्या वळणापर्यंत गेली ती रागानं. दुसऱ्या वळणाला काटा उतरायला लागला. आकारामनं फावड्यामागून फावडं घातलं, घामानं त्याचा सदरा अंगाला चिकटला, काटा मात्र घरी निघालेल्या पाहुण्यासारखा सावकाश खाली गेला. आक्का उभी राहिली. तात्याबानं ब्रेक आवळला.

साहेबानं काट्याकडं बघितलं, मग आकारामकडं, मग खिशातून पेन्सिल काढली.

खरं सांगून टाकलं असतं, तरी एका बाजूला अकरा वर्षांची कीर्ती आणि दुसऱ्या बाजूला सहा महिन्यांचा फायरमन; साहेब कुणाचं मानणार हे उघड होतं. शिवाय तात्याबा त्याच्याकडं असा बघत होता, की पेन्शन त्याच्या डोळ्यांतच दिसत होती. “सायेब, दोन मिनिटं द्या. देवाचं ऱ्हायलंय,” म्हणून आकाराम खाली उडी मारून मागच्या डब्याकडं पळाला.

विष्णुपंत दारात उभे होते. तोंडावर राख उडाली होती. त्यांना ती पुसायचंही सुचत नव्हतं.

“पंत, हुबी ऱ्हायली. वहीत काय लिवणार?”

“तू कोळसा कमी टाकलास.”

“तुमची माणसं मोजत हुती. इचारा त्यास्नी.”

फावडी मोजणारे दोघे जण मान खाली घालून म्हणाले, नेहमीपेक्षा सव्वीस जास्त.

“मग दोनच गोष्टी हुत्यात, पंत,” आकाराम म्हणाला. “एक तर आक्का अशक्त हाय. न्हाईतर म्हसोबा खरा हाय.”

विष्णुपंतांनी चष्मा काढला. ज्या माणसानं चाळीस वर्षं पोरांना ग्रहणात जेवायला लावलं होतं, तो माणूस बोरखिंडीच्या दुसऱ्या वळणावर हिशेब करत उभा राहिला. एका बाजूला बुद्धी होती. दुसऱ्या बाजूला आक्का होती. मग त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, खाली उतरले, पायथ्याकडं तोंड करून हात जोडले आणि मंडळाला म्हणाले, “उतरा.”

गाडी मोकळी झाली. धोंडुबाई उतरताना पंतांना म्हणाली, “मी तवाच म्हनत हुते.” पंतांनी तिचं डालगं स्वतः उचलून घेतलं.

भट्टी पुन्हा पेटली, काटा वर आला आणि आक्का सुळसुळत निघाली. साहेबानं बाहेर डोकावून बघितलं. सगळी गाडी डोंगरानं चालली होती.

“ही माणसं का चालतायत?”

“हौस, सायेब,” तात्याबा म्हणाला.

“म्हणजे गाडी रिकामी आहे.”

“न्हाई सायेब, तिकिटं समद्यांची काढल्याली हायती.”

साहेबानं फॉर्म बघितला. त्यात डबे किती, असा रकाना होता. साहेबानं सात लिहिले. माणसं आत आहेत का, असा रकाना नव्हता. मधे एकदा काटा पडला होता का, असाही नव्हता; माथ्यावर काटा किती, एवढाच होता.

माथ्यावर साहेबाची पेन्सिल सहीच्या जागेवर थांबली. “आकाराम, खरं सांग. इंजिन कसं आहे?”

आकारामनं भट्टीचं दार लावून घेतलं. चार जावा आणि एक चूल त्याला लख्ख दिसली.

“लय गुणी हाय, सायेब. असलं इंजिन सबंध लायनीला न्हाई.”

“मलाही तसंच वाटलं,” साहेब म्हणाला आणि त्यानं सही केली. “मग सोमवारपासून हिला आणखी दोन डबे जोडतो.”

तात्याबा कोळशावर बसला.

त्याच दुपारी सातारा रोडला क्वार्टरची किल्ली हातात आल्यावर आकारामनं विजयमालेला कार्ड टाकलं. खोली मिळाली. दाराला कडी आहे. शनिवारच्या गाडीनंच ये, सोमवारची वाट बघू नकोस. पाटा-वरवंटा आणू नकोस, तो इथं घेऊ.